पाणी येतं, पण चढत नाही: मानेवाड्याकडच्या एका घराचं प्रकरण

घर नागपूरचं, मानेवाड्याकडच्या एका जुन्या लेआऊटमधलं, तळमजला आणि वर दोन मजले. खाली काकाजी आणि काकू, पहिल्या मजल्यावर मुलगा, सून आणि त्यांची दोन लेकरं, आणि सगळ्यात वर हॉस्पिटलात नोकरीला असलेल्या दोन मुली भाड्याने, म्हणजे एकूण आठ माणसं. गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी. नळ सकाळी सव्वापाचच्या आसपास येतात, पावणेसातला जातात, एप्रिल-मे मध्ये कधी त्याच्याही आधी. तक्रार एकच, पाणी पुरत नाही. मी पंपाच्या दुकानात बसतो, हे लोक जळालेला टिल्लू पंप, म्हणजे नळाचं पाणी ओढायचा छोटा पंप, घेऊन आमच्याकडे आले आणि तिथून प्रकरण सुरू झालं. नाव-पत्ता टाकत नाहीये, त्याची गरजही नाही, अशी घरं या भागात गल्लोगल्ली आहेत.

टिल्लूचं आधी सांगून टाकतो. नळाच्या लाईनला डायरेक्ट टिल्लू लावणं नियमात बसत नाही, दर उन्हाळ्यात पंप जप्त केल्याच्या बातम्या येतात आणि दर उन्हाळ्यात आमच्या काउंटरवरून सगळ्यात जास्त तोच खपतो. गिऱ्हाईक म्हणतं "कूलरला पाहिजे जी" किंवा "बगिच्याला", दोघांनाही माहीत असतं कुठे लागणार आहे ते. या घरानेही तेच केलं होतं आणि त्यांचा पंप दुसऱ्यांदा जळला होता, कारण पाणी यायच्या आधीच सुरू करून ठेवायचे, पाच-दहा मिनिटं कोरडा फिरला की सील जातं, मग वाइंडिंग.

काकाजींचं म्हणणं होतं की जरा मोठा द्या, एक एचपीचा. मी म्हटलं देतो, पण आधी एकदा सकाळी येऊन बघतो पाणी येतं किती.

जरा मागचं सांगतो. नागपूरचं पाणी मुख्यतः पेंच नदीचं, वर तोतलाडोह धरण, त्याच्या खाली नवेगाव खैरी, तिथून गोरेवाडा आणि गोधनीच्या शुद्धीकरण केंद्रांकडे, आणि दुसरं कन्हान नदीवरून. वर मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्यापासून पेंचमध्ये खाली येणारं पाणी कमी झालं हे इथे पानठेल्यावरही लोक सांगतात. चोवीस तास पाण्याची योजना आधी धरमपेठ झोनमध्ये प्रयोग म्हणून झाली, मग मार्च 2012 पासून 25 वर्षांच्या कराराने पूर्ण शहराला लागू झाली, मीटर बदलले, खूप ठिकाणी निळे पाईप आले, काही भागांत खरंच फरक पडला, पण चोवीस तास नळ सगळीकडे पोचलेला नाही. आणि मग 2019 चा जुलै, तोतलाडोह तळाला गेलं आणि शहरात दिवसाआड पाणी झालं. या घरात जिन्यावर दोन निळे ड्रम उभे आहेत ते त्याच जुलैमधले. पाऊस आला, कपात गेली, ड्रम गेले नाहीत.

पण या घराचा प्रॉब्लेम धरणातला नाही. गच्चीवरची टाकी बसवली तेव्हा ती रात्रीत आपोआप भरायची, पंपबिंप काही नाही. मग गल्लीत रिकाम्या प्लॉटवर घरं झाली, एका मजल्याचे तीन मजले झाले, गल्लीच्या तोंडाशी फ्लॅट स्कीम आली, लाईन तीच राहिली. पाणी आधी गच्चीवर चढायचं बंद झालं, मग दुसऱ्या मजल्यावर, आणि शेवटी पहिल्या मजल्यावर नळ थुंकल्यासारखा यायला लागला. एकाने टिल्लू लावला, त्याच्या बाजूच्याचं पाणी गेलं, मग त्याने लावला. हे घर गल्लीच्या शेवटून तिसरं, त्यामुळे यांच्यापर्यंत पाणी आणखी उशिरा पोचतं एवढंच.

घरात मुख्य काम सुनेचं. ती शाळेत शिकवते, सातला निघावं लागतं. रात्री झोपताना अंगणातला नळ उघडा सोडून त्याच्याखाली स्टीलचा गंज, म्हणजे पातेलं, पालथा घालून ठेवायची, पाणी आलं की गंज वाजतो आणि जाग येते, नाही तं अलार्म लावून उठायचं आणि पाणी सहाला यायचं असंही व्हायचं. मग पंप, मग पाईप ड्रममध्ये, तिथून बादल्या वर, पिण्याच्या पाण्याचा गुंड भरायचा, कूलरची टाकी भरायची, वरच्या मुलींना हाक मारायची. आंघोळीचा क्रम ठरलेला, कपडे एक दिवसाआड. काकाजींच्या हिशोबात पंपाचे पैसे होते, टँकरचे होते, विजेचे होते, पण हा रोजचा दीड तास कुठेच नव्हता, आणि मी विचारलं तेव्हा ते म्हणाले "ते तं घरचंच काम आहे ना". असो.

बोअर आहे, घर बांधलं तेव्हाची. मार्चपर्यंत चालते, पुढे पाच मिनिटं पाणी आणि मग नुसती हवा. पाणी जड, कूलरच्या पॅडवर पांढरा थर बसतो, डाळ शिजत नाही. धुण्यासाठी, संडासासाठी ठीक. टँकर गल्लीत शिरताना वीज खांबाशी अडतो, त्यामुळे टँकरवाले टाळतात, आणि आले तरी एवढं पाणी एकदम घ्यायला घरात जागा नव्हती, अर्धं नालीत.

आता सकाळचं. मी दोन गोष्टी नेल्या होत्या, पंधरा लिटरची बादली आणि गवंडी लेव्हल काढायला वापरतात तो पारदर्शक पाईप, चांगला लांब. पंप बंद ठेवायला सांगितला. मीटरच्या पुढच्या नळाला पाईपचं एक टोक घट्ट क्लिप करून बसवलं आणि दुसरं टोक पोरगा गच्चीवरून धरून उभा राहिला, पाईप भिंतीलगत सरळ उभा. पाणी त्यात जिथपर्यंत चढून थांबतं तेवढीच तुमच्या लाईनची ताकद, त्याच्या वर ते आपणहून एक बोटही जाणार नाही. हजार रुपयांचा प्रेशर गेज लावा की हा पाईप लावा, उत्तर तेच, फक्त पाईपमध्ये घरातल्या सगळ्यांना डोळ्यांनी दिसतं.

आधी हवा आली, मीटर गरगर फिरला, पाणी नसताना. मग पाणी आलं आणि पाईपमध्ये खिडकीच्या खालच्या चौकटीशी थांबलं, मीटरपासून चार फूट. पावणेसहाला आठ फूट. आणि मध्येच एकदा डोळ्यादेखत पाणी सरकन हातभर खाली आलं, काकू म्हणाल्या "काऊन गेलं?", तर बाजूच्या घरातून पंपाचा आवाज सुरू झालेला. सव्वासहाच्या सुमारास गल्लीच्या तोंडाकडचे लोक भरून मोकळे झाले तसं पाणी तेरा फुटांवर गेलं, पहिल्या मजल्याच्या गॅलरीच्या कठड्याखाली. तिथून पुढे नाही. गच्चीवरच्या टाकीचं तोंड मीटरपासून छत्तीस फुटांवर आहे, म्हणजे सगळ्यात चांगल्या वेळेलाही तेवीस फूट कमी. रात्रभर वाट पाहा, नवस बोला, टाकी भरणार नाही.

मग बादली. इथे एक भानगड सापडली. पावणेसहाला बादली भरायला अडीच मिनिटं लागली, आठ फुटांच्या प्रेशरच्या मानाने फारच हळू. मीटरपासून नळापर्यंतचा तुकडा जुना जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाईप होता, घर बांधल्यापासूनचा. दुसऱ्या दिवशी प्लंबरने एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, कापून काढला तर आतून जंगाचे लाल-काळे फुगवटे, आणि मधोमध वाट एवढीशी की पेन्सिल घातली तर अडकत होती. बाहेरून पाईप ठणठणीत, वरून रंगही मारलेला. मीटरच्या पुढचा हा तुकडा घरमालकाचा, तिथे दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवता येत नाही, आणि माझ्या अंदाजाने या भागातल्या जुन्या घरांत निम्मी बोंब तिथेच असते, लोक मात्र तक्रार घेऊन झोनच्या ऑफिसात जातात.

तो तुकडा बदलून परत मोजलं. सुरुवातीला बादलीला सत्तर सेकंद, मध्ये सत्तेचाळीस, शेवटी पस्तीस. म्हणजे मिनिटाला बारा-तेरा लिटर, मग एकोणीस, मग पंचवीस. नव्वद मिनिटांचा हिशोब लावला, सुरुवातीची हवा वजा केली, तरी साडेसोळाशे लिटरच्या आसपास पाणी मीटरच्या उंचीवर येत होतं. आता गरज किती ते बघा. गडर लाईन, म्हणजे सांडपाण्याची लाईन, असलेल्या शहरात माणशी दिवसाला 135 लिटर हा सरकारी निकष आहे, आठ माणसांचे 1080. त्यात तीन कूलर, नागपूरच्या मे महिन्यात मोठा कूलर तासाला दहा लिटर सहज पितो, दहा तास चालला तर शंभर, तिन्हींचे तीनशे. झाले चौदाशेच्या आत. म्हणजे पाणी पुरून उरत होतं आणि हे लोक जेमतेम सातशे लिटर वर ओढत होते, तेही पंप जाळून.

माझं म्हणणं एवढंच होतं आणि आहे: या घरात पाणी कमी नाही, उंची कमी आहे. लाईन पाणी जिथपर्यंत आणते तिथेच ते घ्यायचं, जितकं खाली तितकं चांगलं, आणि मग आपल्या पंपाने आपलं पाणी वर चढवायचं. लाईनमधून ओढायचं नाही. यात नवीन काही नाही, फ्लॅट स्कीमवाले हेच करतात, पण सुट्या घरांत गच्चीवरची टाकी आली तशी खालची साठवण लोकांनी मोडून टाकली.

मुलाचा विचार होता की अंगणात हजार लिटरची उभी टाकी ठेवू. ती टाकीच चार फुटांच्या वर उंच, पाईप वरून आत जातो, आणि पहिला अर्धा तास लाईनला ताकदच चार फुटांची, म्हणजे तेवढा वेळ टाकीत टिपूस नाही. जमिनीखाली नवीन टाकी खोदायची तर पोर्चखाली काळी माती, उन्हाळ्यात भेगा पडते, पावसाळ्यात फुगते, चांगलं आरसीसी करावं लागतं आणि खर्च कुठच्या कुठे जातो.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "धुण्याच्या दगडाखाली टाकं आहे ना आपलं."

होतं. चार फूट लांब, चार रुंद, चार खोल, सिमेंटचं, वर फरशी टाकून त्यावर धुण्याचा दगड. गच्चीवर टाकी आल्यावर बंद केलेलं, पोराला तर माहीतच नव्हतं. चौसष्ट घनफूट, वरचं अर्धा फूट मोकळं सोडलं तरी 1585 लिटर, म्हणजे बरोबर एका सकाळचं पाणी. फरशी काढली, गाळ उपसला, तीन-चार झुरळं पळाली, घासून आतून वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले. गडर लाईनचा चेंबर किती लांब ते आधी बघितलं, तो घराच्या दुसऱ्या अंगाला आहे, जवळ असता तर मी नाही म्हटलं असतं. मग पूर्ण भरून पाण्याच्या रेषेवर खडूची खूण केली आणि रात्रभर सोडलं, सकाळी रेष जिथल्या तिथे. ही टेस्ट सोडू नका, जुन्या टाक्याला बारीक भेग असली तर पाणी जमिनीत जातं आणि पावसाळ्यात उलटं, बाहेरचं आत येतं. तोंडाला जमिनीपासून नऊ इंच वर कठडा बांधला की अंगण धुतलेलं पाणी आत जाऊ नये, वर घट्ट झाकण, कुलूप, लेकरं आहेत घरात.

बाकी साधं. लाईनला बॉलकॉक, म्हणजे तरंगत्या गोळ्याचा नळ, टाकं भरलं की आपोआप बंद. अर्ध्या एचपीचा मोनोब्लॉक पंप, टाक्यातून गच्चीवर, पाईपच्या खालच्या टोकाचा फूट व्हॉल्व चांगल्या कंपनीचा, आणि फ्लोट स्विच म्हणजे टाक्यात पाणी नसेल तर पंप सुरूच होणार नाही. हजार लिटर चढायला चाळीसेक मिनिटं लागतात, वीज अर्ध्या युनिटच्याही आत. सगळं मिळून खर्च बावीस हजारांच्या आसपास गेला. काकाजींना जास्त वाटला, पण मागच्या दोन उन्हाळ्यांतले टँकर, दोन जळालेले पंप आणि त्यांची दुरुस्ती जोडून दाखवल्यावर ते गप्प बसले. पहाटेच्या दीड तासाचे पैसे मी त्यात धरलेच नव्हते.

पिण्याच्या पाण्याचं वेगळं केलं आणि यावर माझा फार जोर होता. नळ दिवसाचे बावीस तास बंद असतात तेव्हा लाईन रिकामी असते, कुठे गळती असेल तर तिथून आजूबाजूचा ओलावा, नालीचं पाणी आत शिरतं, आणि वर टिल्लू ओढायला लागले की ते आणखी जोरात ओढलं जातं. सकाळचं पहिलं पाणी म्हणूनच गढूळ येतं, कधी वास मारतो. बॉलकॉकची गंमत ही की घरचे झोपलेले असताना हे पहिलं पाणीही टाक्यात जातं. त्यामुळे मीटरजवळ एक वेगळा नळ काढला, सहानंतर पाणी स्वच्छ झालं की गुंड आणि फिल्टर तिथून भरायचे, ताजं, लाईनमधलं, टाक्यातलं पिण्याला नाही. ओटी टेस्टचे थेंब आणून बघितलं, नळाच्या पाण्याला फिकट पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन आहे, त्याच दिवशी संध्याकाळी टाक्यातल्या पाण्याला काहीच रंग नाही. ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं असं मानक आहे, साठवल्यावर ते उडून जातं. टाकं दर तीन महिन्यांनी घासायचं ठरलंय, बघू किती पाळतात.

एवढं झाल्यावर घरात काय बदललं? गंज परत स्वयंपाकघरात गेला. सून सहाला उठते. शटडाऊन आला, म्हणजे पुरवठा बंद राहिला, तर गच्चीवरचे हजार आणि खालचे पंधराशे मिळून दोन दिवस जपून वापरलं तर निघतात, एकदा निघालेही. एक ड्रम भंगारात गेला, दुसरा काकाजींनी सोडला नाही. बिलात युनिट वाढले, साहजिक आहे, आधीपेक्षा दुप्पट पाणी मिळतंय, आणि आपल्याकडे हजार लिटरचा एक युनिट आणि वापर वाढला की दराचा टप्पाही वरचा. यावरून मुलाची कुरकुर आहे. वरच्या मुलींना आता मीटरचा वाटा मागायचा का यावर घरात दोन मतं आहेत, काकू म्हणतात त्या पोरी रात्रपाळी करून येतात, त्यांना काय मागायचं.

आता जे सुटलं नाही ते. टाकं मीटरच्या खाली आहे, म्हणजे या घराचा नळ आता गल्लीतल्या जवळपास सगळ्यांपेक्षा खाली उघडतो. यांच्यापुढे अजून दोन घरं आहेत. सहाच्या आत यांचं टाकं भरत असताना शेवटच्या घराच्या नळाला करंगळीएवढी धार असते, तिथल्या आजीबाईंनी सरळ येऊन विचारलं, "तुमचं भरलं का, आम्ही लावू आता?" पंपाने ओढण्यापेक्षा हे बरंच, कारण टाकं भरलं की बॉलकॉक बंद होतो आणि लाईन पुढच्यांना मोकळी होते, टिल्लूवाला मात्र ड्रम, टाकी, गाडी धुणं असं चालूच ठेवतो. तरी आपल्या सोयीचा भार कोणावर पडतोय ते दिसतच होतं. सध्या उपाय म्हणून मीटरनंतरचा व्हॉल्व अर्धा आवळला, टाकं सव्वापाच ते पावणेसात असं सावकाश भरतं, एकदम नाही. गरज चौदाशेची आहे, त्यामुळे चालतं.

गल्लीत तो पारदर्शक पाईप मी आणखी पाच-सहा घरांना लावून दाखवला. भाषण देऊन जे झालं नसतं ते पाणी हातभर खाली पडताना बघून झालं, तीन घरांनी टिल्लू काढले, त्यातल्या एकाकडे असंच बुजवलेलं टाकं निघालं. दोघांनी "आधी तोंडावरच्यांना सांगा" म्हणून हात वर केले, आणि त्यांचंही चूक नाही. तोंडावरच्या स्कीमचा सम्प, म्हणजे जमिनीखालची टाकी, केवढा मोठा, तो पहिल्या धारेपासून उघडा, आणि ते पूर्णपणे नियमात आहे. त्यांच्या सेक्रेटरींना व्हॉल्व आवळायला सांगितलं तर म्हणतात आमच्याकडे चोवीस फ्लॅट आहेत, आम्ही काय करायचं.

खरा इलाज लाईनचाच आहे. गल्लीची लाईन शेवटी बंद आहे, आणि मागच्या गल्लीची लाईन शेवटच्या घरापासून वीस-पंचवीस फुटांवरून जाते, तिथे प्रेशर चांगलं आहे, मी पाईप लावून बघितलंय, सव्वापाचलाच अकरा फूट. दोन्ही जोडल्या तर शेपटीकडूनही पाणी येईल. सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज दिलाय, सोबत उंचीचे आकडे वेळेसकट लिहून दिले, "प्रेशर कमी आहे" एवढंच लिहिलेले अर्ज याआधी दोनदा गेलेच होते. यावेळी माणूस येऊन टेप लावून गेला. रस्ता नुकताच सिमेंटचा झालाय, त्यामुळे खोदायच्या परवानगीवर अडलंय, आणि पावसाळ्याआधी होईल असं कोणी म्हणत नाही. जोडलं की त्याच सकाळी शेवटच्या घराच्या नळाला पाईप लावून उंची मोजायची, ते आजीबाईंच्या नातवाने आतापासून स्वतःकडे घेतलंय.